ट्राम गेल्यानंतरचा रस्ता : बर्फातलं शहर रंगवताना

बर्फातलं शहर रंगवायचं म्हटलं की नवशिक्याचा हात आधी पांढऱ्या रंगाच्या ट्यूबकडे जातो. माझाही गेला होता. पहिल्या तीन चित्रांत मी जवळजवळ अख्खी ट्यूब संपवली आणि हाती आला तो चुना सांडलेला रस्ता. घरं बरी होती, झाडं बरी होती, बर्फ तर मुबलक होता. थंडी मात्र कुठेच वाजत नव्हती.

पुढे लिहिलंय ते त्यानंतर फुकट गेलेल्या कागदांतून गोळा झालेलं आहे. माध्यम जलरंग धरलंय. तैलरंगात किंवा ऍक्रिलिकमध्ये जिथे गोष्ट वेगळी होते तिथे तसं सांगतो. उदाहरण एकच घेऊ आणि कोऱ्या कागदापासून शेवटापर्यंत तेच नेऊ.

१. आधी एक वाक्य लिहा

पेन्सिल घ्या, पण काही काढू नका. कागदाच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहा. 'हिवाळ्यातली रम्य संध्याकाळ' असलं वाक्य कामाचं नाही, त्यातून हाताला काहीच कळत नाही. वाक्यात काहीतरी घडलेलं हवं. आपलं वाक्य असं : ट्राम निघून गेली आणि थांब्यावर एक जण उरला.

आता या वाक्याला प्रश्न विचारत सुटा. ट्राम दिसायला हवी का? दिसली तर लांब, पाठमोरी, धूसर. डोळा कुठून कुठे जाणार? रुळांवरून तिच्या मागे. माणूस केवढा? लहान, म्हणजे भोवतालचं रिकामपण मोठं वाटेल. वारा हवा का? नको. वारा आला की माणूस धडपडायला लागतो आणि वाक्यच बदलतं. बर्फ पडतोय की थांबलाय? नुकताच थांबलाय. वेळ? कातरवेळ : दिवे लागलेत, पण आकाश अजून पुरतं मिटलेलं नाही.

हाच रस्ता घेऊन दुसरं वाक्य लिहून पाहा : रात्रभर बर्फ पडला आणि शहर तसंच कामाला निघालं. लगेच सगळं पालटतं. ऊन येतं, लांब सावल्या येतात, पाचपंचवीस लहान गडद ठिपके लगबगीनं चालू लागतात, चाकांच्या खुणा एकमेकींना छेदतात. रस्ता तोच, घरं तीच. चित्रातला भाव शेवटी वरून शिंपडता येत नाही, तो या पहिल्या उत्तरांतच ठरून जातो.

२. जुन्या चित्रकारांकडे चोरट्या नजरेनं पाहा

सुरुवात करण्यापूर्वी चार चित्रं समोर ठेवा, आणि प्रत्येकात काय गाळलंय ते शोधा.

ग्युस्ताव्ह कायबॉत यांचं १८७८चं पॅरिसच्या छपरांचं हिमचित्र. ते पॅरिसच्या म्युझे द ऑर्से या संग्रहालयात आहे. शहराचं चित्र, आणि त्यात रस्ता नाही, माणूस नाही. नुसती छपरं, धुराडी आणि करडं आकाश. उंचावरून बघितल्यामुळे शहर आपल्यापासून तुटल्यासारखं वाटतं.

कामीय पिसारो यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या बुलेवार मोंमार्त्रवरच्या एका हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून दिसणारा तोच रस्ता चौदा वेळा रंगवला : हिवाळ्याच्या सकाळी, धुक्यात, वसंतात, एकदा रात्री. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना उघड्यावर काम करणं अवघड झालं होतं. मांडणी जवळपास तीच ठेवून फक्त प्रकाश बदलला तर भाव किती बदलतो याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

रॉबर्ट हेन्राय यांचं न्यूयॉर्कच्या बर्फाचं १९०२ मधलं चित्र उभं आहे. दोन्ही बाजूंनी इमारती दाटून आल्यात, वर आकाशाची चिंचोळी फट उरलीये आणि खाली तुडवलेला, मळका बर्फ. मोठा दिमाखदार हमरस्ता सोडून त्यांनी साधी आडवी गल्ली घेतली आहे.

चौथं शहराचं नाही, पण टाळता येत नाही. जपानी चित्रकार हिरोशिगे यांच्या, तोकाइदो या जुन्या रस्त्यावरच्या मुक्कामांच्या मालिकेतलं कांबाराचं रात्रीचं हिमचित्र, १८३३-३४च्या सुमाराचं. तीन माणसं, तिघंही वाकलेली, एकाचाही चेहरा नीट दिसत नाही. गंमत म्हणजे कांबारा हे समुद्राकाठचं, एरवी फारसा बर्फ न पडणारं ठिकाण. बर्फ कधी डोळ्यांनी पाहिलाच नाही म्हणून अडून बसणाऱ्यांनी हे चित्र जरूर भिंतीवर लावावं.

३. काडेपेटीएवढी सहा कच्ची चित्रं

आता पेन्सिल चालवा. काडेपेटीएवढ्या चौकटी काढा, निदान सहा. एकेका चौकटीला तीन मिनिटांहून जास्त देऊ नका. खिडक्या, दारं, विटा काहीच नको. फक्त तीन छटा : कोरा कागद, मधला करडा, गडद. शिसपेन्सिल आडवी धरून घासली की पुरे.

इथे जे ठरवायचं आहे त्यातलं पहिलं म्हणजे नजरेची उंची, अर्थात क्षितिजरेषा. रस्त्यावर उभं राहून पाहत असाल आणि जमीन सपाट असेल, तर तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, त्या एकाच रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो तो पायाकडून. हा एक नियम पाळला तर गर्दीतली माणसं हवेत तरंगायची थांबतात. आपल्याला मात्र थोडं वरून पाहायचंय, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून. त्यामुळे रस्ता उभा पसरतो, पांढरी जागा मोठी होते आणि माणूस त्या पांढऱ्यात अडकल्यासारखा दिसतो. क्षितिजरेषा वरच्या तिसऱ्या भागात गेली आणि माणसाचं डोकं तिच्या बरंच खाली राहिलं.

दुसरं, रिकाम्या जागांचे आकार. नवशिक्या घरं काढतो आणि मध्ये उरेल ते आकाश. उलटं करून पाहा. दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून आकाशाचा जो तुकडा दिसतो तोच आधी एक आकार म्हणून काढा, नंतर रस्त्याच्या पांढऱ्याचा आकार काढा. हे दोन एकसारखे झाले तर चित्र झोपतं. आमच्या चित्रात आकाश लहान, डावीकडे सरकलेलं, वेडंवाकडं. रस्ता मोठा, उजवीकडून आत येणारा.

तिसरं, वाट. ट्रामचे रूळ म्हणजे आयती वाट, आणि तीच धोक्याचीही. रूळ कागदाच्या खालच्या कोपऱ्यातून अचूक निघाले तर नजर तिथूनच बाहेर घसरते. म्हणून ते कोपऱ्यापासून थोडे सरकवून खालच्या कडेतून आत आणा, वळण द्या आणि आत जाताजाता धूसर करा.

चौथं, माणूस. तो रुळांच्या वाटेवर नको, बाजूला हवा. नजर आधी ट्रामच्या मागे जाईल, तिथे फारसं काही सापडणार नाही, मग परत फिरेल आणि तेव्हा माणूस दिसेल. या परत फिरण्यात त्या वाक्यातलं 'उरला' आहे. माणूस आधी दिसला आणि ट्राम नंतर, तर चित्र 'वाट पाहणारा' होतं, 'उरलेला' होत नाही.

माझ्या पहिल्या चौकटीत ट्राम मोठी होती, कारण ट्राम काढायला मजा येते. दरवाजे, वरचा दांडा, मागचा दिवा सगळं छान जमलं होतं. चित्र ट्रामचं झालं. दुसरीत ती अर्धी केली. पाचवीत तिचा एक करडा चौकोन आणि तांबडा ठिपका उरला, तेव्हा कुठे माणूस एकटा पडला. जे काढायला आवडतं तेच बहुतेक वेळा गाळावं लागतं, हे ऐकायला कडू आहे, पण सहा चौकटींचा खरा उपयोग तोच. अख्ख्या कागदावर चार तास घालवून काढलेली ट्राम पुसायला हात धजत नाही.

४. छटांचा हिशेब

या पायरीवर घाई करू नका. रंगात फसलेली चित्रं पुष्कळदा या पायरीवरच फसलेली असतात.

एक ते पाच अशी पट्टी करा. एक म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे तुमच्या रंगांतून निघेल तेवढा गडद. आता प्रत्येक मोठ्या आकाराला एक आकडा द्या.

आकाशाला काय द्याल? सवयीनं आपण 'एक' देतो. आकाश सगळ्यांत उजळ आणि जमीन त्याहून गडद, हे आपण इतर ऋतूंच्या निसर्गचित्रांतून शिकलेलो असतो. बर्फात ते उलटू शकतं. पूर्ण ढगाळ दिवशी आकाश माथ्यावर सगळ्यांत उजळ असतं आणि क्षितिजाकडे मंद होत जातं. जमिनीवरचा ताजा बर्फ वरून आलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के परत फेकतो. चित्रात दिसतं ते क्षितिजालगतचं आकाश, म्हणून बर्फ त्याहून उजळ दिसतो. पीटर ब्रुगेल यांच्या १५६५च्या बर्फातल्या शिकाऱ्यांच्या चित्रात आकाश हिरवट करडं आहे आणि बर्फ त्यावर झळकतो. खाली गोठलेली तळीही त्याच हिरवट करड्या रंगाची आहेत, म्हणून अख्खं चित्र एका थंडीत बांधलेलं वाटतं.

तेव्हा आपला हिशेब : रस्त्यावरचा ताजा बर्फ दोन, आकाश तीनच्या अलीकडे, लांबची घरं तीन, जवळची घरं चार, माणूस पाच. आणि एक? एक फक्त दोन जागी : थांब्यावरच्या दिव्याची काच आणि त्याच्याखाली बर्फावर पडलेला उजेडाचा गाभा. अख्खा रस्ता कोरा सोडला तर दिवा लावायला उजेड उरत नाही. माझा चुन्याचा रस्ता झाला तो यामुळेच.

उन्हाच्या चित्राचा हिशेब निराळा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो. पॅरिसच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर चढतो, आणि तेव्हा सावली वस्तूच्या उंचीच्या तिपटीहून थोडी जास्त लांब पडते. १५ मीटर उंच इमारतीची सावली ४५ मीटरांच्या पुढे जाते, म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारा नेहमीच्या रुंदीचा रस्ता पूर्ण झाकून ती समोरच्या भिंतीवर चढते. ऊन पडतं ते वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर. वर उबदार पट्टा, खाली गार निळा रस्ता ही मांडणी हिवाळी शहर आयती देतं. उन्हाळ्यातल्या फोटोवरून घरं उतरवून त्यांवर बर्फ चढवला की पहिली चूक इथे होते : सावल्या आखूड राहतात आणि बघणाऱ्याला कारण न कळता चित्र खोटं वाटतं.

५. रंग पाचच घ्या

अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), कोबाल्ट ब्लू आणि एक थंड, म्हणजे निळसर झाकेचा तांबडा, उदाहरणार्थ अलिझरीन क्रिमसन. काळा पेटीतच राहू द्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून हवा तेवढा गडद आणि हवा तसा करडा मिळतो. निळा जास्त झाला तर गार, सिएना जास्त झाला तर ऊबदार. काळ्यात पाणी घालून केलेला करडा मेलेला असतो, त्याला ना इकडची ओढ ना तिकडची.

हे दोन रंग रंगपाटीवर पुरते एकजीव करू नका. अर्धवट मिसळून कागदावर भेटू द्या. एकाच भिंतीत वरून निळसर खाली तपकिरी होत जाणारा करडा मिळतो, आणि भिंत जुनी, ओल धरलेली दिसते.

बर्फाच्या सावल्या निळ्या का? उन्हाच्या दिवशी सावलीत सूर्याचा प्रकाश पोचत नाही, निळ्या आकाशाचा पोचतो. एवढंच कारण. म्हणून ढगाळ दिवशी निळ्याशार सावल्या घातल्या तर त्या उसन्या वाटतात. ढगाळ उजेडात सावल्या जवळजवळ नसतातच, वस्तूच्या बुडाशी थोडा मंद करडा जमतो, तेवढाच. आपली कातरवेळ ढगाळ आहे, तेव्हा रस्त्यावरचा बर्फ निळसर करडा, आणि दिव्याच्या जवळ ऑकरचा फिका हात.

रात्रीचं चित्र करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : बर्फ पडलेल्या शहराची रात्र काळीकुट्ट नसते. बर्फ दिव्यांचा उजेड वर फेकतो, ढग तो परत खाली फेकतात. जुन्या सोडियम दिव्यांच्या शहरांत आकाश मळकट नारिंगी दिसतं. पांढऱ्या एलईडी दिव्यांनी ते आता बऱ्याच ठिकाणी करडं केलंय, आणि चित्रकारांचं त्यात नुकसानच झालं.

६. बर्फ कुठे बसतो

बर्फ आभाळातून खाली येतो, म्हणून वर तोंड केलेल्या जागांवर बसतो. एवढं साधं असूनही आपण भिंतींवर पांढरे फराटे ओढतो. छप्पर, खिडकीची पट्टी, दिव्याची टोपी, फांदीची वरची बाजू, कठड्याचा माथा इथे बर्फ. उभी भिंत ओली, आणि म्हणून कोरड्या भिंतीहून गडद. वाऱ्यासोबत बर्फ पडला असेल तर झाडाच्या बुंध्याची एकच बाजू पांढरी, आणि ती बाजू सगळ्या झाडांवर तीच. धुराड्याच्या बुडाशी बर्फ वितळलेला.

एक जागा अगदी जवळून बघू : छपराची खालची कड. बर्फाची वरची बाजू आकाशाला जिथे भिडते तिथे दोघांच्या छटांत फारसा फरक नसतो. ती कड ओलसर, हरवलेली ठेवा. खालची कड मात्र भिंतीवर पडते, तिथे ती धारदार. पण सुरीनं कापल्यासारखी सरळ नको. कुठे जाड, कुठे पातळ, एखाद्या ठिकाणी घसरून पडलेली आणि खालची कौलं उघडी पडलेली. बर्फाला जाडी असते, म्हणून कडेच्या आत एक केसाएवढी निळसर करडी पट्टी द्या आणि तिच्या लगेच खाली भिंतीचा सगळ्यांत गडद रंग. एवढ्या बोटभर जागेत तीन छटा झाल्या, आणि त्यावरून बघणारा अख्ख्या छपरावरचा बर्फ ढीगभर मानून घेतो. बाकीचं छप्पर सपाट सोडलं तरी चालतं.

रस्त्याचंही तसंच. चाकांच्या आणि रुळांच्या खोबणी काळ्या रेघा मारून दाखवू नका. त्यांत वितळलेलं पाणी असतं आणि पाणी आकाश दाखवतं, म्हणून खोबणीचा मधला भाग आकाशाच्याच छटेचा. गडद असते ती तिची एक कड, जिथे मळका चिखलबर्फ साचलाय. जवळ खोबणी तुटक, मध्येच बर्फानं बुजलेली. जसजशी लांब जाईल तसतशी दोन कडा एक होत जातात आणि शेवटी एकच फिकी रेघ उरते. जुना, तुडवलेला बर्फ निम्म्याहून कमी उजेड परत फेकू शकतो. म्हणजे 'बर्फ' म्हणून तुम्ही जे रंगवताय त्यातला बराचसा भाग पांढऱ्याच्या जवळपासही नसतो.

७. आता कागद ओला करा

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) तरी घ्या, नाहीतर पाणी पडल्यावर पापड होतो. चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीनं फळीवर बसवा. पेन्सिलचं रेखाटन हलकं आणि थोडकं. ओलेपणी रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, म्हणून प्रत्येक हात मनात ठरवलाय त्याहून एक घर गडद टाका. ऍक्रिलिकवाल्यांना उलटा त्रास : त्यांचा रंग वाळून थोडा गडद होतो.

दिव्याची काच आणि खालचा उजेडाचा गाभा सोडून अख्खा कागद ओला करा. वरून आकाशाचा करडा सोडा आणि फळी किंचित तिरकी धरून तो लांबच्या घरांच्या जागेपर्यंत उतरू द्या. ओल गेलेली नाही तोवरच लांबच्या घरांचे आकार थोडा घट्ट रंग घेऊन त्यात ठेवा. त्यांच्या कडा आकाशात विरघळतील, आणि तेच हवंय. ट्रामचा करडा चौकोनही इथेच. तिचा तांबडा ठिपका कागद जवळजवळ वाळल्यावर, एकदाच टेकवून.

इथे थांबा. खरोखर थांबा. कागद पूर्ण वाळू द्या. माझी निम्मी चित्रं या अर्ध्या तासात बिघडली आहेत, कारण अर्धवट ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पाण्यासोबत पसरलेल्या रंगाच्या पातळ थरात, पुन्हा ओला ब्रश घातला की फुलकोबीसारखे डाग उमटतात आणि ते जात नाहीत.

वाळल्यावर रस्त्याचा निळसर करडा वॉश एका दमात टाका. दिव्याजवळ पोचताना ब्रशमध्ये पाणी वाढवत न्या आणि कडेला ऑकर मिसळू द्या. मग जवळची घरं, छपरांचा बर्फ वगळून. भिंती रंगवल्या की बर्फ आपोआप दिसू लागतो, आणि जलरंगात पहिल्यांदा हे घडतं तेव्हा फार मजा वाटते. खिडक्या मोजून काढू नका. दोनचार सुचवा, बाकी अंधारात जाऊ द्या.

तैलरंगात क्रम बदलतो. तिथे गडदाकडून उजळाकडे यायचं, खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, बर्फाचा जाड रंग शेवटी. जाडी हवी म्हणून लोक काय काय करतात. पॅरिसच्या गल्ल्या रंगवणारे मोरीस उत्रिलो पांढऱ्यात चक्क प्लास्टर मिसळत. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये, चाकूनं टेकवलेला टायटॅनियम व्हाइट पुरतो. आणि तोही निव्वळ पांढरा नको, चिमूटभर निळा किंवा ऑकर त्यात असू द्या.

८. माणूस आणि दिवा

माणूस शेवटी, लहान ब्रशनं, चार फटकाऱ्यांत. डोकं लहान ठेवा. नवशिक्याची माणसं डोक्यानं मोठी असतात. खांदे वर, मान आत, हात खिशात म्हणजे दिसायलाच नकोत. पाय बर्फात बुडतात, म्हणून बूट काढू नका, घोट्याशी रंग विरळ करून सोडून द्या. माणसाच्या पायाशी थोडासा करडा ओढला की तो जमिनीवर उभा राहतो.

आता खरा प्रश्न. हा माणूस दिव्याच्या उजेडात उभा करायचा की उजेडाच्या बाहेर? मी दोन्ही करून पाहिलं. उजेडाच्या वर्तुळात उभा केला तर दुसरी ट्राम येईल असं वाटतं. वर्तुळाच्या दोन पावलं बाहेर उभा केला तर येणार नाही असं वाटतं. बाकी कागदावर काहीही बदललेलं नव्हतं. शंका असेल तर वेगळ्या कागदावर माणूस काढून कापून घ्या आणि चित्रावर सरकवत पाहा. मान कुठे वळवलीये तेही ठरवा : ट्राम गेली तिकडे तोंड असेल तर बघणाऱ्याची नजर पुन्हा रुळांवर जाते आणि फेरा पूर्ण होतो.

उबदार रंग चित्रात एकाच जागी साठवा. दिवा, आणि फार तर एक खिडकी. माझ्या चित्रात मी आनंदाच्या भरात अकरा खिडक्या पिवळ्या केल्या. थांब्यावरचा माणूस एकटा न दिसता समारंभाला उशिरा पोचलेला पाहुणा दिसायला लागला.

९. पडता बर्फ हवाच असेल तर

आपल्या चित्रात बर्फ थांबलाय, पण मोह सुटत नाही हे मला ठाऊक आहे. पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) जुन्या टूथब्रशवर घेऊन अंगठ्यानं उडवा, खालचा अर्धा कागद झाकून. ठिपके तीन मापांचे हवेत, मोठे अगदी थोडे. आणि खिडकीतून कधी बर्फ पडताना पाहिलात तर एक गोष्ट नक्की बघा : गडद भिंतीसमोर जो कण पांढरा दिसतो तोच वर उजळ आकाशासमोर करडा, किंचित काळपट दिसतो. म्हणून आकाशावर पांढरे ठिपके उडवण्यात अर्थ नाही, घरांसमोर उडवा. ओल्या रंगावर मीठ टाकून बर्फाचा परिणाम साधायची युक्ती सगळीकडे शिकवतात. मला ती आवडत नाही. मिठाची नक्षी सगळ्या चित्रांत सारखीच येते आणि लोक चित्र सोडून मीठ ओळखतात.

१०. दुसऱ्या दिवशी

चित्र त्याच दिवशी पुरं करू नका. भिंतीशी टेकवून ठेवा, सकाळी आरशात बघा. उलट्या प्रतिमेत रचनेचा तोल लगेच कळतो : एक बाजू जड झालीये का, रूळ कागदाबाहेर पळतायत का, माणूस आधी दिसतोय का. डोळे बारीक करून बघा, दोन ठिकाणं सारख्याच जोरानं ओढत असतील तर एकाला दाबा. दाबायचं म्हणजे त्यावर निळसर करड्याचा पातळ हात फिरवायचा, आणि खालचा थर हलू नये म्हणून एकदाच फिरवायचा.

मी त्या सकाळी अकरापैकी दहा खिडक्या तशाच विझवल्या. तीन नीट विझल्या नाहीत, तिथे जुना पिवळा अजून खालून किंचित दिसतो. उरलेली एक माणसाच्या पाठीमागे होती, तिसऱ्या मजल्यावर. ती तशीच ठेवली, कारण तो ट्रामकडे बघतोय आणि त्याला ती दिसत नाही.